लिलावात गेलेले घर आणि आपण

कोरोनात दारोदार फिरलेली अंगणवाडी सेविका, सफाई कामगार, रुग्णालयातली नर्स. हप्ते थकून त्यांचे घर बँकेच्या लिलावात गेले, की आपण 'सब्र करा' म्हणून उठतो. सब्र हवाच, पण कागदही पाहायला हवेत. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे थकबाकी व खर्च वजा जाता लिलावाची उरलेली रक्कम कर्जदाराचीच असते. ती मागितली का, हे आपण विचारतच नाही.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये सफाई कामगार व अंगणवाडी सेविकांकडे विशेष लक्ष आहे. देशात कुठेही पक्के घर नसावे ही अट. लिलावानंतर ते नसतेच! मात्र गेल्या २० वर्षांत सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतला असेल तर अर्ज चालत नाही. म्हणून पहिल्या घराच्या कर्जावर सरकारी अनुदान मिळाले होते का, हे आधी तपासावे.

आणि लिलावानंतरही देणे शिल्लक राहिले असेल तर? कुरआनने सांगितलेल्या जकातीच्या आठ हकदारांत गारिमीन, म्हणजे कर्जात बुडालेलेही आहेत. रमजानमध्ये जकात काढताना शेजारची ती नर्स आपल्याला आठवत नाही. ती पगारदार ना!