नावांचा अनुक्रम

बंगळुरूच्या यशवंतपुरानजीक, १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेतून एखादा शोधनिबंध बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या शिरोभागी बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे नाव प्रथम आणि मार्गदर्शकाचे अखेरीस असते. परंतु अर्थशास्त्राच्या मुलखात हा दंडक चालत नाही, तेथे आडनावांचा वर्णानुक्रमच सामान्यतः प्रमाण मानतात. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतीय दारिद्र्याची मीमांसा प्रसिद्ध केली आणि माणशी रोज २,२५० उष्मांक पुरवणाऱ्या आहाराच्या आधारे किमान खर्च ठरवून, १९६०-६१ मध्ये ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० व नागरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक त्याखाली असल्याचे दाखवले. रोमन लिपी घ्या वा देवनागरी, दांडेकर आधीच यायचे. त्यावरून श्रमविभागणीचा काडीमात्र बोध होत नाही.

वरकरणी वर्णानुक्रमाचा हा निवाडा निःपक्षपाती भासतो खरा. तथापि लिरान आइनाव्ह व लीअट यारीव्ह यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत, वर्णमालेत आधी येणाऱ्या आडनावांच्या अध्यापकांना कायम नेमणूक मिळण्याचा संभव अधिक आढळला. वर्णानुक्रमाची रूढी नसलेल्या मानसशास्त्रात हा भेद दिसला नाही. लेखक तीन-चार असले की संदर्भ देणारा पहिलेच नाव लिहितो व उरलेल्यांना ‘आणि इतर’ या कोठडीत लोटतो, हे अर्थशास्त्रातील या भेदाचे संभाव्य कारण.

दांडेकर-रथांचे आकडे मात्र राष्ट्रीय नमुना पाहणीचे होते; ते घरोघर फिरून टिपणारे अन्वेषक कोणत्याच अनुक्रमात बसत नाहीत.