वजन वाढते ते चोरपावलांनी!

हिंगोली (प्रतिनिधी) : लग्नात शिवलेली पँट कमरेला बसेनाशी झाली, की वजन वाढल्याचे ध्यानात येते. मात्र ते नेमके कधी वाढले, हे सांगता येत नाही. दोष दिवाळीच्या फराळाला किंवा लग्नसराईतील पंगतींना दिला जातो. खरे कारण रोजच्या दिनक्रमातील किरकोळ बदलांत असते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेल्या हिंगोली जिल्ह्यात असे बदल पावलोपावली दिसतात. विहिरीवर मोटार बसली, बैलांचे काम ट्रॅक्टरकडे गेले, पाटा-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली आणि शेतात जायला दारात मोटारसायकल आली. साठ किलो वजनाची व्यक्ती एक किलोमीटर चालली, तर साधारण ५० उष्मांक खर्च होतात. शेत एक किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १०० उष्मांक मोटारसायकलने वाचवले. ते शरीरात साठू लागले. दोन चमचे साखरेच्या दोन कप चहानेही साधारण तेवढीच भर पडते. आणि आपल्याकडे चहाला नाही म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान! भाकरीऐवजी पोळी आली, यात पोळीचा फारसा दोष नाही; तिला लावलेल्या तेलाचा आहे. एक ग्रॅम तेलात नऊ उष्मांक असतात.

मग वजन वाढतच का जात नाही? कारण जड झालेले शरीर वागवायलाही अधिक उष्मांक लागतात. अमेरिकी संशोधक केविन हॉल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेल्या गणितानुसार, रोज १०० उष्मांक जादा झाल्यास वजन सुमारे साडेचार किलोंनी वाढते. त्यातील निम्मी वाढ पहिल्या वर्षात, उरलेली बहुतेक पुढील दोन वर्षांत होते आणि काटा थांबतो. त्यानंतरही तो चढत राहिला, तर सवयीत आणखी एखादा बदल झाला, असे समजावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील अतिवजनी महिलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते १८.९ वरून २२.९ टक्के झाले.

सडपातळ दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनेने भारतीयांच्या लपलेल्या चरबीकडे जगाचे लक्ष वेधले. पोटाभोवतीची ही चरबीच मधुमेहाला वाट करून देते.

म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप उपयोगी. धोतर आणि लुगडे वाढती कंबर निमूटपणे सामावून घेतात, त्यांच्यावर विसंबू नये. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्यावे. पुरुषांत ९० आणि महिलांत ८० सेंटिमीटरपेक्षा ते अधिक भरल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी.