विमानातील आणीबाणी आणि कॉकपिटमधील कामाची वाटणी

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये सहसा दोन वैमानिक असतात. एकाला काही झाले तर दुसरा असावा, एवढ्यासाठीच ही सोय आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दोघांकडेही सतत वेगवेगळे काम असते. ही वाटणी कशी असते आणि संकटात ती का टिकावी लागते, ते या पाठात पाहू.

१. पद आणि भूमिका

कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर ही पदे आहेत. उड्डाणातील भूमिका वेगळ्या असतात. ‘पायलट फ्लाइंग’ विमानाची दिशा, उंची आणि वेग सांभाळतो. ऑटोपायलट चालू असला तरी ही जबाबदारी त्याचीच असते. ‘पायलट मॉनिटरिंग’ रेडिओवर बोलतो, चेकलिस्ट वाचतो आणि पहिल्याच्या कामावर लक्ष ठेवतो. फर्स्ट ऑफिसरही विमान चालवतो. अंतिम निर्णय मात्र कॅप्टनचा असतो.

२. संकटातील क्रम

आधी विमान ताब्यात ठेवायचे, मग कुठे जायचे ते ठरवायचे आणि त्यानंतर नियंत्रण कक्षाला कळवायचे, हा क्रम लक्षात ठेवा. ‘मेडे’ हा संकटाचा संदेश थोडा उशिरा गेला तरी चालेल; विमानाचा वेग हातातून जाऊन चालणार नाही.

काही कृती वैमानिकांना तोंडपाठ असाव्या लागतात. उदाहरणार्थ, केबिनमधील हवेचा दाब गेला, तर ते आधी स्वतः ऑक्सिजन मास्क लावतात आणि मग विमान साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात. इतर बिघाडांसाठी हाताशी पुस्तिका असते. इंजिन बंद करण्यासारखी कृती दोघांनी खात्री केल्यावरच होते, कारण घाईत चांगले इंजिन बंद होण्याचा धोका असतो.

३. वाटणी मोडली तर

२९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान मायामीजवळ होते. पुढचे चाक खाली आल्याचे दाखवणारा दिवा लागला नाही. दिव्याचा बल्ब गेला होता. सगळ्यांचे लक्ष त्या दिव्यात गुंतले. ऑटोपायलट उंची धरून ठेवत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. चांगले उडणारे विमान हळूहळू खाली येऊन दलदलीत कोसळले.

१९७८ मध्ये पोर्टलंडजवळ युनायटेडच्या विमानातही कॅप्टनचे लक्ष चाकांच्या बिघाडात अडकले. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांनी सुचवले, पण ठामपणे सांगितले नाही. इंधन संपून विमान कोसळले आणि १० जणांचा मृत्यू झाला. अशा अपघातांतून ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण पुढे आले. कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, हे त्यात शिकवले जाते.

४. वाटणी टिकली तर

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या विमानावर पक्ष्यांचा थवा आदळला. दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. त्या वेळी फर्स्ट ऑफिसर जेफ्री स्काइल्स विमान चालवत होते. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान आपल्याकडे घेत असल्याचे मोठ्याने सांगितले आणि स्काइल्स यांनी तसाच दुजोरा दिला. त्यामुळे विमान कोणाच्या हाती आहे, याबद्दल क्षणभरही गोंधळ झाला नाही. स्काइल्स यांचे या प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण नुकतेच झाले होते, त्यामुळे चेकलिस्ट त्यांच्या हाती असणे सोयीचे ठरले. पाण्यावर उतरण्यापूर्वी काही सेकंद कॅप्टनने त्यांना आणखी काही सुचते का, असेही विचारले. सुमारे साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीवर उतरले आणि सर्व १५५ जण वाचले.

थोडक्यात, बिघाड कितीही मोठा असो वा क्षुल्लक, एकाने फक्त विमान उडवायचे आणि दुसऱ्याने पाहायचे व बोलायचे.

स्वाध्याय

१. ‘पद’ आणि ‘भूमिका’ यांतील फरक उदाहरणासह लिहा.
२. ४०१ क्रमांकाच्या विमानात एकाने केवळ उंचीकडे लक्ष दिले असते, तर काय बदलले असते?
३. रुग्णालयातील शस्त्रक्रियेच्या वेळी अशी वाटणी कशी उपयोगी पडेल?