पोकळी दाबली जाते तेव्हा

दगडाने किती दाब सोसला, हे एका आकड्यात सांगता येतं का? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ. आम्ही तत्त्वज्ञानाचे; प्रयोग करणारे नव्हेत. पण इथे ‘दाब’ या शब्दाचीच झडती घ्यावी लागते, आणि ते काम आम्हाला जमतं.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये सुमारे १.२ किलोमीटर रुंदीचं एक विवर आहे. ते उल्केने झालं की जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने, यावर कित्येक वर्षं वाद होता. गिल्बर्ट या मोठ्या भूवैज्ञानिकाने १८९० च्या दशकात वाफेच्या बाजूने कौल दिला. पुढे बॅरिंजर यांनी उल्केचा प्रचंड लोखंडी गोळा खाली पुरलेला असणार म्हणून खोदकामात पैसा ओतला; गोळा काही मिळाला नाही. भक्कम पुरावा आला १९६० साली. चाओ, शूमेकर आणि मॅडसन यांना तिथल्या वालुकाश्मात कोइसाइट सापडलं. ही सिलिकाच, पण घट्ट दाबलेली. ती बनायला साधारण २ ते ३ गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या वीस-तीस हजार पट दाब लागतो. वाफेच्या स्फोटाची ती ताकद नव्हे.

आता गंमत पाहा. सुझन कीफर यांनी याच वालुकाश्माचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच तुकड्यात साधं क्वार्ट्झ आहे, कोइसाइट आहे आणि वितळून झालेली काचही आहे. तडाखा एकच, मग कणाकणाचं नशीब वेगळं कसं?

कारण हा दगड भरीव नाही. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या आहेत. कण एकमेकांना टेकतात ते थोड्याशा जागी, त्यामुळे सगळा भार त्या टोकांवर येतो. तडाखा बसला की कणांच्या कडा पोकळीत घुसतात, समोरच्या कणावर आदळतात आणि तिथेच भयंकर तापतात. आपण सांगतो तो दाब सरासरीचा. कणाला मात्र सरासरी भेटत नाही.

थोडं अंकगणित करू. आघातात पदार्थाला मिळणारी ऊर्जा म्हणजे, ढोबळमानाने, दाब गुणिले आकारमानातली घट, भागिले दोन. एक ग्रॅम भरीव क्वार्ट्झ ०.३८ घनसेंटिमीटर जागा घेतं. ते ०.३४ पर्यंत दबलं असं धरू, घट ०.०४. त्याच क्वार्ट्झच्या दगडात चौथा हिस्सा पोकळी असेल तर सुरुवातच ०.५० पासून. शेवट तोच धरला तर घट ०.१६. दाब तोच, ऊर्जा चौपट! उत्तरकालीन वैशेषिकांनी अभावाला पदार्थांच्या यादीत बसवलं, त्यावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो आहोत. हे उदाहरण तेव्हा हाताशी असतं तर बरं झालं असतं.

मात्र हे झालं क्षणार्धातल्या आघाताचं. सावकाश दाबलं तर उष्णता निघून जाते. आणि दाबायला द्रव वापरला, तो पोकळ्यांत शिरला, तर तो आतूनही तितकाच रेटतो. पोकळी मिटतच नाही. साध्या, भरीव दिसणाऱ्या सिलिकाच्या काचेतही अणूंच्या जाळ्यात रिकाम्या जागा असतात. हेलियममध्ये ठेवून ती दाबली तर हेलियमचे अणू त्या जागांत शिरतात आणि काच एरवीपेक्षा कमी दबते, असं २०११ मध्ये दिसून आलं. म्हणून अशा प्रयोगांच्या अहवालात दाबाच्या आकड्याबरोबर कशात ठेवून दाबलं, तेही लिहिलेलं असतं.