विषारी दारू : खरे विष यकृतात तयार होते

सांताक्रूझहून बोरिवलीच्या धीम्या लोकलने निघालात की सहावे स्टेशन मालाड. तिथल्या मालवणीत जून २०१५ मध्ये गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीतही असेच घडले होते. अशा दारूत मिथेनॉल मिसळलेले असते. दिसायला ते पाण्यासारखे, आणि वास-चवीवरून पिणाऱ्याला ते ओळखता येत नाही.

गंमत म्हणा वा दुर्दैव, मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. त्याचे विष आपलेच यकृत बनवते.

यकृतात ‘अल्कोहोल डीहायड्रोजनेज’ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम असते. डीहायड्रोजनेज म्हणजे हायड्रोजन काढून घेणारे. या कुटुंबातली अनेक विकरे शरीरात अहोरात्र राबतात. आपण खाल्लेल्या भात-भाकरीतून निघालेल्या साखरेतला हायड्रोजन ती काढतात आणि ‘एनएडी’सारख्या वाहकाकडे सोपवतात. हा वाहक शरीर ब-३ जीवनसत्त्वापासून बनवते. पुढे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात त्याच हायड्रोजनपासून ऊर्जा मिळते. रक्ताच्या रिपोर्टवर ‘एलडीएच’ वाचले असेल, तेही याच कुटुंबातले.

नेहमीच्या दारूतल्या इथेनॉलवर हे विकर काम करते तेव्हा त्याचे अॅसिटाल्डिहाइड होते. दुसरे डीहायड्रोजनेज त्याचे अॅसिटेट करते आणि शरीर ते जाळून टाकते. मिथेनॉलवरही हीच दोन विकरे हाच प्रयोग करतात. पण आता आधी फॉर्मॅल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल तयार होते. हे आम्ल मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जानिर्मिती रोखते. ऊर्जेची मोठी गरज असलेली डोळ्याची नस आणि मेंदू आधी बळी पडतात. रक्तही आम्लधर्मी होते.

हे सारे व्हायला वेळ लागतो. म्हणून प्यायल्यावर माणूस घरी येऊन झोपतो आणि साधारण बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसणे सुरू होते. मिथेनॉलसोबत इथेनॉलही पोटात गेले असेल तर लक्षणे आणखी उशिरा दिसतात. घरच्यांना वाटते, उतरली नाही अजून.

उपचाराची किल्लीही याच विकरात आहे. त्याला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल कितीतरी अधिक पसंत. त्यामुळे रुग्णालयात मोजून इथेनॉल दिले की विकर त्यातच गुंतते आणि मिथेनॉल तसेच राहते. फोमेपिझोल हे औषध विकरालाच अडवते. मग डायलिसिसने मिथेनॉल आणि फॉर्मिक आम्ल बाहेर काढता येते. सोबत रक्तातले आम्ल कमी करण्यासाठी सोडा बायकार्बोनेट आणि फॉर्मिक आम्लाचा निचरा लवकर व्हावा म्हणून फॉलिनिक आम्ल देतात. मात्र हे वाचून कोणी घरी दारू पाजू नये. मात्रा चुकली तर जीव जातो आणि रुग्णालयात पोहोचण्याची वेळही वाया जाते.

आम्हा डॉक्टरांना सर्वांत जास्त नडते ती लपवाछपवी. लाजेपोटी किंवा पोलिसांच्या धाकाने रुग्ण ‘काही प्यालो नाही’ म्हणतो. पोलिसांना कळवावे लागले तरी उपचार थांबत नाहीत. पण खरे न सांगितल्यास ते उशिरा सुरू होतात. गेलेली दृष्टी अनेकदा परत येत नाही.

म्हणून लक्षात ठेवा : एकाच गुत्त्यावर प्यालेल्यांपैकी एकाला जरी त्रास झाला, तरी बाकीच्यांनी ठणठणीत वाटत असले तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे. कारण यकृताचे काम तेव्हा सुरूच असते.