एकट्याचा स्वयंपाक आणि पाण्याचा हिशेब

नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की बेळगावच्या बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. खानापूर, चंदगड, निपाणी, बैलहोंगल, गोकाक अशा ठिकाणांहून आलेल्या गाड्यांतून विद्यार्थी उतरतात. पाठीवर सॅक, हातात मोठी पिशवी आणि पिशवीत आईने भरून दिलेले डबे. आठ-पंधरा दिवसांत डबे रिकामे होतात आणि मग खोलीवर राहणाऱ्या प्रत्येकापुढे तो सनातन प्रश्न उभा राहतो : आज जेवायचे काय?

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. घर दुसऱ्या गावी ठेवून इथे नोकरी करणाऱ्या प्राध्यापकांचाही आहे. सकाळी पहिला तास, दुपारी प्रात्यक्षिके, संध्याकाळी वह्या तपासणे. रात्री खोलीवर परतल्यावर मनात येते, ‘एकट्यासाठी कोण एवढा खटाटोप करणार?’ मग चहा-बिस्किटांवर रात्र भागवली जाते. अशा पाच-पंचवीस रात्री गेल्या की परीक्षेच्या ऐन तोंडावर अंगात बळ राहत नाही. तेव्हा रोज वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ न घालवता एका माणसाचे पोटभर आणि निर्धोक जेवण कसे होईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. पाककृतींची जंत्री द्यावयाची नाही. काही पदार्थ महिनाभर टिकतात आणि काही संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत, असे का होते हे एकदा समजले की आपापली व्यवस्था ज्याची त्याला लावता येते.

हे समजण्यासाठी प्रस्तुत लेखकाला बरीच किंमत मोजावी लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षी सकाळी पातेलेभर भात करायचा, अर्धा खायचा, उरलेला तसाच झाकून कॉलेजला जायचे आणि रात्री फोडणी देऊन संपवायचा, असा आमचा शिरस्ता होता. वास नाही, बुरशी नाही, शिवाय फोडणीत चांगला परतलेला. मग भीती कसली? एके रात्री हा भात खाल्ल्यावर दोन तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत उभे राहण्याचे त्राण उरले नाही. एकटे राहणाऱ्याच्या आजारपणात सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे उशाशी पाण्याचा तांब्या आणून ठेवायलाही कोणी नसते.

अन्न बिघडते म्हणजे काय?

अन्नाचा नाश प्रामुख्याने सूक्ष्म जंतू आणि बुरशी यांच्यामुळे होतो. त्यांना वाढायला अन्न, ऊब आणि पाणी या तीन गोष्टी लागतात. अन्न तर आपणच देतो. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस ही ऊब बहुतेक रोगजंतूंना मानवते, म्हणजे आपल्या खोलीचे तापमान बारा महिने त्यांच्याच सोयीचे. सर्व काही अनुकूल असेल तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. हिशेब करून पाहा : एका जंतूपासून सात तासांत एकवीस वेळा दुप्पट होत वीस लाखांच्या वर जंतू तयार होतात. कॉलेजचा दिवस साधारण तेवढाच असतो!

भाताची गोष्ट याहून कपटी आहे. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जंतूची बीजाणुरूपे असू शकतात. पाणी उकळले तरी ती मरत नाहीत. भात कोमट झाला की ती रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. आमच्या फोडणीचा उपयोग का झाला नाही, ते आता ध्यानात येईल. ‘उकळले की सगळे मरते’ ही समजूत अर्धीच खरी आहे. जंतू मरतात, पण त्यांनी मागे ठेवलेले विष राहू शकते.

उरला तिसरा घटक, म्हणजे पाणी; आणि एकट्या माणसाच्या हाती असलेला खरा उपाय इथेच आहे. पदार्थातील जे पाणी जंतूंना मोकळेपणी वापरता येते ते काढून घेतले, किंवा मीठ-साखर घालून बांधून टाकले, तर जंतूंची वाढ थांबते. भाजणे, वाळवणे, खारवणे या आपल्या जुन्या क्रियांचे मर्म हेच आहे. आईने दिलेले डबे पंधरा दिवस टिकले, कारण त्यांत पाणी नव्हते.

यावरून आपला मुख्य नियम ठरतो : कोरडे महिन्याचे, भिजलेले रात्रीचे, ओले त्या वेळचे.

कोरड्याचे कपाट

एका खोलीत चंदगडचा आणि बैलहोंगलचा असे दोन विद्यार्थी राहत असतील तर त्यांनी आपापले डबे शेजारी शेजारी उघडून पाहावेत. एकाकडे दाण्याची चटणी असेल, दुसऱ्याकडे ‘शेंगा चटणी पुडी’. एकाच्या डब्यात कारळ्याची चटणी, दुसऱ्याच्या डब्यात ‘गुरेळ्ळु’. एकाची जवसाची चटणी, दुसऱ्याची ‘अगसी’. नावे दोन भाषांतली, शहाणपण एकच.

या कपाटाचा राजा म्हणजे ज्वारीची कडक भाकरी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारा घटक नसतो, म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवतात. त्यामुळे पिठातील पिष्ट फुगून पीठ बांधले जाते. भाकरी पातळ थापून भाजतात आणि मग मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवतात. पाणी गेल्यामुळे ती कितीतरी दिवस टिकते. उत्तर कर्नाटकात आणि सोलापूरकडे ती विकतही मिळते. शिळी भाकरी आणि कडक भाकरी यांत मात्र गल्लत करू नये. नेहमीची मऊ भाकरी झाकून ठेवली तर तिला बुरशी येते. कडक भाकरी टिकते ती केवळ कोरडेपणामुळे. पावसाळ्यात बेळगावची हवा इतकी दमट असते की उघडी राहिलेली कडक भाकरी एका दिवसात सादळते. घट्ट झाकणाचा डबा हवाच.

दाण्याची चटणी रविवारी अर्ध्या तासात होते. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजावेत, गार झाल्यावर तिखट, मीठ, जिरे घालून कुटावेत. लसूण हवी असेल तर ती आधी तव्यावर कोरडी होईपर्यंत परतावी, कारण ओल्या लसणीबरोबर पाणीही चटणीत शिरते. दाण्यांत सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात, म्हणजे ही चटणी नुसते तोंडीलावणे नव्हे, ते अन्नच आहे. मात्र बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे दाणे निवडून फेकून द्यावेत. त्या बुरशीत यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन असू शकते आणि ते भाजण्याने पूर्णपणे जात नाही. जवसाची चटणी थोडी थोडीच करावी. जवसाच्या तेलाला खवट वास लवकर येतो.

तिसरा डबा थालीपिठाच्या भाजणीचा. ज्वारी चार वाट्या, तांदूळ दोन, हरभऱ्याची डाळ एक, उडदाची डाळ एक, धने अर्धी वाटी आणि दोन चमचे जिरे हे प्रमाण चालते. प्रत्येक धान्य निरनिराळे भाजावे, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. मग दळून आणावे. भाजल्याने ओल जाते, किडीची अंडी मरतात आणि पीठ लवकर शिजते. रात्री आठ वाजता वाटीभर भाजणीत कांदा चिरून घातला की सव्वाआठला थालीपीठ ताटात असते.

चौथा डबा उप्पिटाच्या तयार रव्याचा. तेलात मोहरी, उडदाची डाळ, मिरचीचे तुकडे आणि कढीलिंब अगदी कुरकुरीत होईपर्यंत परतून त्यात रवा भाजावा, मीठ घालावे आणि पूर्ण गार झाल्यावर भरून ठेवावा. कांदा घालू नये. तो पाणी सोडतो. हा रवा पंधरा दिवस बिनघोर राहतो. एक वाटी रव्याला अडीच वाट्या उकळते पाणी, आणि पाच मिनिटांत न्याहारी तयार. सीमेवरच्या सैनिकांसाठीही हाच प्रश्न सोडवावा लागतो; त्यासाठी म्हैसूरला १९६१ साली संरक्षण खात्याची स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन झाली. आपले चार डबे ही तिचीच घरगुती आवृत्ती समजावी.

आदल्या रात्रीचे काम

कोरड्यावर सगळे भागत नाही. ज्वारीत जी प्रथिने असतात त्यांत लायसिन या घटकाची उणीव असते. ती कडधान्ये भरून काढतात. भाकरी आणि उसळ ही जोडी म्हणूनच एकमेकांना पूरक आहे.

रात्री झोपताना अर्धी वाटी मूग किंवा मटकी भिजत घालावी. याला लागतो एक मिनिट. सकाळी पाणी काढून फडक्यात बांधावी; संध्याकाळी परत येईपर्यंत मोड दिसू लागतात. मोड आलेले कडधान्य ओले आणि उबदार असते, म्हणजे जंतूंनाही तितकेच प्रिय. म्हणून ते त्याच रात्री धुऊन नीट शिजवावे. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात.

राजम्याच्या बाबतीत एक इशारा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा एक विषारी घटक असतो. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये किंवा खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण शिजवला तरच तो जातो. गरम पाण्याबरोबर थर्मासमध्ये भरून ‘आपोआप शिजवण्याची’ युक्ती काही विद्यार्थी करतात. राजम्यापुरती तरी ती अजिबात करू नये.

ओल्याचा नियम

भात, आमटी, भाजी, उसळ हे सगळे ओले पदार्थ. खोलीत फ्रीज नसेल तर एका वेळेपुरतेच करावेत. एका माणसाला साधारण पाऊण वाटी तांदूळ पुरे होतात; हात सैल सोडला की उरते आणि उरले की मोह होतो. दुपारच्या डब्यासाठी भात न्यायचाच असेल तर तो गार होताच भरपूर ताज्या दह्यात कालवून न्यावा. दह्याच्या आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते. प्रवासाला दहीभात नेण्याच्या रिवाजामागे हेही कारण असावे. मात्र हा दहीभात दुपारचाच, रात्रीचा नव्हे.

फ्रीज असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात. उरलेला पदार्थ पसरट भांड्यात काढून लवकर गार करावा आणि तासा-दोन तासांत आत ठेवावा. खोल पातेल्यात मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो. फ्रीजमधला भात दुसऱ्याच दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा, आणि एकदा गरम केलेला पुन्हा आत ठेवू नये. वीज गेल्यास दार उघडू नये. बंद फ्रीज सुमारे चार तास पुरेसा थंड राहतो. इडलीचे आंबवलेले पीठ फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहते : पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसा, तिसऱ्या दिवशी आंबट झालेल्या पिठाचा कांदा घातलेला उत्तप्पा.

एक आठवडा

आता हे सगळे एकत्र मांडू. महिन्यातल्या एका रविवारी दोन-तीन तास काढून चटणी, भाजणी आणि रवा यांचे डबे भरावेत; कडक भाकरी आणि लोणचे विकत किंवा घरून आणावे. त्यानंतर रोजचा क्रम असा : सकाळी उप्पीट, दुपारी कडक भाकरी, चटणी आणि दही, रात्री एक दिवस उसळ-भाकरी, एक दिवस थालीपीठ, एक दिवस कुकरमधले वरण-भात. या कपाटात एका गोष्टीची मात्र उणीव राहते, ती म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. वाळवण्यात आणि भाजण्यात ते टिकत नाही. म्हणून लिंबू, पेरू, टोमॅटो, कोबी यांपैकी काहीतरी रोज कच्चे खावे. त्याला चूल लागत नाही, फक्त मंडईत जाण्याची सवय लागते.

एवढे करूनही कधी कंटाळा येईल. त्या दिवशी शेजारच्या खोलीचे दार ठोठवावे. दोघांच्या जेवणाला एकाच्या जेवणापेक्षा फारसा अधिक वेळ लागत नाही, आणि दुसरा जेवायला असला की आपणही नीट जेवतो. चंदगडच्या डब्यात बैलहोंगलची चटणी मिसळून पाहा. भाषा शिकण्याचा याहून रुचकर मार्ग नाही.

‘एकट्यासाठी कशाला करायचे?’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. आईने डबे भरले तेव्हा ते एकट्यासाठीच भरले होते, आणि कढीलिंबाचे प्रत्येक पान कुरकुरीत होईपर्यंत ती चुलीपुढे उभी होती. ती काळजी आता आपली आपण घ्यायची, एवढेच. आज रात्री झोपण्यापूर्वी अर्धी वाटी मूग भिजत घाला. सुरुवातीला तेवढे पुष्कळ झाले.