पाच फूट तीन इंच!

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या इतिहासातला सर्वांत बुटका खेळाडू कोण? मग्सी बोग्स. उंची फक्त 5 फूट 3 इंच! जन्म 1965, बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतला. डनबार हायस्कूलच्या ज्या संघात तो खेळला, त्यातले चौघे पुढे एनबीएत गेले. शाळेचा संघ म्हणायचा की काय!

1987च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वॉशिंग्टन बुलेट्स संघाने त्याला 12व्या क्रमांकावर घेतलं आणि संघातल्याच 7 फूट 7 इंचांच्या मनुट बोलशेजारी उभं केलं. दोघांचा फोटो जगभर गाजला. मला मात्र तो फोटो जरा अन्यायकारक वाटतो, कारण त्यात मग्सीचा खेळ दिसतच नाही. वर्षभरात तो शार्लट हॉर्नेट्स संघात गेला आणि तिथे खरा फुलला. उंच खेळाडू चेंडू जमिनीवर आपटायला लागला की हा खालून हात घालून तो पळवायचा. स्वतःचा चेंडू मात्र क्वचितच गमावायचा. एनबीएत 14 हंगाम, 6,700हून जास्त असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास! आणि 1993मध्ये त्याने चक्क सात फुटी पॅट्रिक यूइंगचा शॉट ब्लॉक केला. विश्वास बसत नसेल, तर व्हिडिओ शोधाच.